खो द्यायचा कुणी?
शिरूर-दौंडची मैदाने आणि एका देशी खेळाची शंभर वर्षे

भीमाकाठच्या एका माध्यमिक शाळेचे जुने डेडस्टॉक रजिस्टर काही वर्षांपूर्वी माझ्या हाती आले. गावाचा इतिहास लिहायचा म्हणून मी शाळाशाळांतून असली दप्तरे चाळत असतो. कपाट, घंटा, नकाशे, पृथ्वीचा गोल अशा नोंदींमधून जाताना एक ओळ दिसली : 'खो-खोचे खांब, नग २'. पुढे शेऱ्याच्या रकान्यात वेगळ्या शाईत एकच शब्द होता, 'निर्लेखित'. म्हणजे वस्तू निकामी झाली, यादीतून काढली. त्या जागी नवे खांब आल्याची नोंद पुढच्या पानांवर कुठेही सापडली नाही.

त्याच सुमारास तालुका पातळीवरची शालेय स्पर्धा पाहायला गेलो होतो. चौदा वर्षांखालील मुलींचा एक संघ सकाळी टेम्पोने आला, पहिलाच सामना हरला आणि दुपारच्या आत डबे खाऊन परत निघाला. टेम्पोत चढता चढता एका मुलीने विचारले, "सर, आता परत कधी?" सर म्हणाले, "पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसणार नव्हती. तिची त्या वयोगटातली सगळी स्पर्धात्मक कारकीर्द अर्ध्या तासात आटोपली होती.

खेळाला मुले कशी मिळतात आणि मिळालेली मुले कशी निसटतात, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. तो आजचा वाटला तरी शंभर वर्षे जुना आहे, असे शोध घेताना लक्षात आले.

चक्रव्यूहाची कथा बाजूला ठेवून

खो-खोवर काही वाचायला घेतले की पहिल्याच परिच्छेदात महाभारत येते. अभिमन्यू, चक्रव्यूह, रथांवरून खेळायचा खो-खो वगैरे. ऐकायला बरे वाटते, पण हे जोडणारा कागद, शिलालेख किंवा पोथी कुणी पुढे ठेवत नाही. पाठलाग आणि हुलकावणी हे जगभरच्या मुलांचे खेळ आहेत. आपल्याकडे त्यांना बसलेल्या गड्यांची रांग, पाठीवरची थाप आणि 'खो' हा शब्द मिळाला, हे आपले वेगळेपण. त्याला पाच हजार वर्षांचे वय देण्याची गरज नाही.

ज्याची नोंद सांगता येते तो इतिहास पुण्यात सुरू होतो. डेक्कन जिमखाना १९०६ साली स्थापन झाला आणि १९१४ साली त्याच्या समितीने खो-खोचे नियम बसवले. त्या नियमांत आजचे खांब नव्हते. १९१९ च्या सुमारास मैदान लंबवर्तुळाकार झाले. १९२४ च्या आसपास बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने आपली नियमावली काढली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ साली नियम छापले आणि गावोगावच्या वेगवेगळ्या पद्धती एका साच्यात आल्या. आज २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद मैदान, दोन टोकांना दोन खांब, मधल्या पाटीवर आलटूनपालटून उलट दिशांना तोंड करून बसलेले आठ गडी आणि पळणारा नववा, हे चित्र कन्याकुमारीपर्यंत सारखेच दिसते ते या कामामुळे.

हा काळ नीट पाहावा. लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून आले ते १९१४ च्या जूनमध्ये. साहेबाच्या क्रिकेट-टेनिसला जशी छापील नियमावली तशी आपल्या खेळालाही हवी, ही भावना स्वदेशीच्याच हवेतली होती. मात्र नियम करणारे लोक शहरातले, शिकलेले आणि बहुतांशी एका थरातले होते. खेळ गावाचा आणि नियम पेठेचा, असा सांधा तेव्हाच तयार झाला. तो सांधा जोडायचा कुणी, हे नियमावलीत लिहिलेले नव्हते.

अनवाणी धावणारी पोरे

या प्रश्नाचे उत्तम उदाहरण खो-खोच्या बाहेर, पण त्याच जिमखान्याच्या मैदानावर सापडते. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावायला आले ते शेतात राबणारे तरुण. पायांत काही नाही, रस्ता ओबडधोबड, नियमांशी ओळख बेताची. तरीही त्यांच्यातल्या काहींची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणारी होती, असे टाटांनी नंतर लिहून ठेवले आहे. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवण्याचा विचार निघाला. बेळगावकडच्या फडेप्पा चौगुले यांनी तिथे मॅरेथॉन धावून एकोणिसावा क्रमांक मिळवला.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मला मात्र तिच्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. गुणवत्ता गावात होती आणि ती कुणी घडवलेली नव्हती. मेळावा भरला म्हणून ती दिसली. तो भरला नसता तर ती पोरे नांगरामागे राहिली असती, आणि मेळावा संपल्यावर बहुतेक जण पुन्हा तिथेच गेले असणार. एका दिवसाच्या स्पर्धेने गुण दिसतो, पण वाढत नाही. शंभर वर्षांनी त्या टेम्पोतल्या मुलीबाबत मी तेच पाहत होतो.

पी.टी.चे सर नावाची संस्था

खेळ गावात मुरला तो शाळांमुळे. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढच्या काही दशकांत बहुजनांच्या मुलांपर्यंत माध्यमिक शाळा पोहोचली. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ काढले. त्याच वर्षी याच जिल्ह्यात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. १९३८ साली कांदिवलीला सरकारी शारीरिक शिक्षण संस्था निघाली आणि शाळांना प्रशिक्षित व्यायामशिक्षक मिळू लागले.

आपल्या खेडोपाडी खो-खो, लंगडी, आट्यापाट्या आणि तेव्हाचा हुतुतू टिकला तो या व्यायामशिक्षकांमुळे. आमच्या शाळेत १९८० च्या सुमारास असे एक सर होते. ते भूगोलही शिकवत. मैदानाची पाटी ते स्वतः खणून, चाळून, पाणी मारून तयार करत. फक्की नसली की चुलीतली राख आणायला सांगत. खांब गावच्या सुताराकडून बाभळीचे करून घेतले होते, आणि त्यांवर अंग घासले जाऊन ते इतके गुळगुळीत झाले होते की सूर मारताना हात निसटायचा. शाळा सुटल्यावर रोज एक तास. हरण्या-जिंकण्याशी संबंध नाही, तास चुकवायचा नाही. माझ्यासारखा संथ पळणारा मुलगाही रोज मैदानावर असे, कारण बसायला आठ गडी लागतातच आणि नीट बसणे, नीट उठणे, योग्य वेळी खो देणे हेही शिकावे लागते.

यात खो-खोचे मोठे मर्म आहे. साहित्य जवळपास काही लागत नाही, पण माणसे लागतात. पाठलाग करणारे नऊ आणि समोर संरक्षणाला पळणारा दुसरा संघ. एकट्या हुशार मुलाला घरामागे चेंडू मारून सराव करता येतो. खो-खोला तसे करता येत नाही. रोज संध्याकाळी वीस-बावीस मुले एका जागी जमवणारा कुणीतरी असला तरच हा खेळ जगतो. तो माणूस गेला की वर्षभरात पाटीवर गवत उगवते.

संघटनेची बांधणी मात्र वरून खाली होत गेली. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० साली विजयवाड्याला झाली, महिलांची त्यानंतरच्या हंगामात कोल्हापूरला. कुमार आणि मुलींच्या गटांची पाळी आली ती १९७० च्या दशकात. आधी कळस, मग पाया, असाच हा क्रम दिसतो. तरी पाया टिकला, कारण तो शाळांनी न सांगता सांभाळला होता.

दोन तालुके

शिरूर आणि दौंड यांची घडण वेगळी. घोड नदीवरचे शिरूर म्हणजे जुने घोडनदी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे इंग्रजांची छावणी होती आणि १८१८ च्या कोरेगावच्या लढाईला निघालेली तुकडी इथूनच गेली. दौंड हे रेल्वेने वाढवलेले गाव. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि भीमेकाठी जंक्शन वसले. पुढे राज्य राखीव पोलीस दलाचे गट आले. छावणी काय, रेल्वे काय, पोलीस दल काय, तिन्हींच्या सोबत कवायत, मैदान आणि खेळ आले. पण ती मैदाने त्या त्या वसाहतीची. खेड्यातल्या मुलाचे मैदान म्हणजे शाळेसमोरची जागा, नदीचे वाळवंट नाहीतर गायरान.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत या जागांचे काय झाले ते दोन्ही तालुक्यांत डोळ्यांसमोर आहे. कालव्यांनी ऊस आणला आणि जमिनीला भाव आला. रांजणगाव, कुरकुंभ इथे औद्योगिक वसाहती झाल्या आणि भाव आणखी वाढला. कारखानदारीने घराघरात पगार आणला हे चांगलेच झाले, त्याबद्दल रडगाणे गाण्यात अर्थ नाही. पण गायरानावर इमारती उठल्या, शाळेच्या मैदानात नव्या खोल्या बांधल्या गेल्या, उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक बसले. पेव्हर ब्लॉकवर सूर मारता येत नाही.

दुसरा बदल शिक्षकाचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य हवे असे म्हटले आहे. सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा, असेही त्यात आहे. म्हणजे कायद्याच्या हिशेबातच लहान शाळेला खेळाचा शिक्षक नाही आणि पहिली ते पाचवीला तर नाहीच. वाड्यावस्त्यांवरच्या आपल्या बहुतेक शाळा लहान. खेळाची गोडी लागते ती नेमकी याच वयात.

तिसरी गोष्ट ऊसतोडीची. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो आणि दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन टोळ्या येतात. त्यांची मुले वर्षाचे काही महिने आपल्या फडात असतात, पण आपल्या हजेरीपटावर नसतात. काटक, चपळ, उन्हातान्हात वाढलेली ही मुले कुठल्याच तालुक्याची खेळाडू ठरत नाहीत.

चौथी मुलींची. आठवी-नववीनंतर मुलगी संध्याकाळी मैदानावर थांबली तर घरी परत कशी येणार, हा प्रश्न आईला पडतो आणि तो रास्त आहे. शेवटची एसटी, रस्त्यावरची मालमोटारींची रहदारी, सोबत बाई शिक्षिका नसणे, ही खरी कारणे आहेत. 'पालक मागासलेले' असे म्हणून आपण मोकळे होतो.

आणि हे सगळे कधी चालले आहे? १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले, मुलांनी ५४-३६ असे. कर्णधार होते प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. दोघेही पुण्याच्या मैदानांवर वाढलेले. कळस कधी नव्हे इतका उंच आणि झगमगीत झाला. तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आमचे खांब निर्लेखित होते.

आयर्लंडकडे एक नजर

लोकमान्यांनी १९१६ साली बेळगावला होमरूल लीग स्थापन केली, ती कल्पना आयर्लंडची. राजकारणाचा तो धडा आपण घेतला. खेळाचा घ्यायचा राहिला. आयर्लंडमध्ये हर्लिंग नावाचा जुना खेळ आहे. बाकदार लाकडी काठीने चेंडू हवेत टोलवायचा, पंधरा-पंधरा जणांचे संघ. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी खेळांपुढे तो मागे पडत चालला होता. १८८४ च्या नोव्हेंबरात थर्ल्स या गावी एका हॉटेलात मूठभर लोक जमले आणि देशी खेळांची संघटना काढली. पुढाकार होता मायकेल क्युसॅक या शिक्षकाचा. इथवर आपली आणि त्यांची गोष्ट सारखीच.

पुढचा फरक महत्त्वाचा. त्यांनी संघटनेचा घटक ठेवला तो शहरातला जिमखाना नव्हे, तर चर्चभोवतीचा गावगट. ज्या गावात जन्मलात त्या गावाकडून खेळायचे. खेळाडूला मानधन नाही, पण बहुतेक गावांच्या क्लबांकडे स्वतःच्या मालकीचे मैदान. शाळांच्या स्पर्धा वेगळ्या, त्याही जुन्या. मन्स्टर प्रांतातला शालेय हार्टी चषक १९१८ पासून चालू आहे. १९७१ पासून कुमारांचा राष्ट्रीय महोत्सव भरतो. आणि बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यांनी नियमच बदलले : छोटे संघ, छोटे मैदान, आणि आलेल्या प्रत्येक मुलाला पूर्ण वेळ खेळायला मिळालेच पाहिजे. २०१८ साली युनेस्कोने हर्लिंगला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले.

आयर्लंड श्रीमंत देश आहे, आपली तुलना कशी, असे कुणी म्हणेल. पण १८८४ चा आयर्लंड दुष्काळातून आणि स्थलांतरातून उठलेला गरीब शेतकऱ्यांचा देश होता. तिथे पैसा नंतर आला. आधी ठरले ते एवढेच, की खेळ गावाचा आहे आणि गावाने सांभाळायचा आहे.

मग आपण काय करावे

मी खेळाडू म्हणून बेताचा आणि प्रशिक्षक तर नाहीच. तरी कागद चाळून आणि मैदाने पाहून जे वाटते ते मांडतो.

पहिले, बाद पद्धत लहान गटांतून काढावी. सोळा शाळा आल्या की पहिल्याच फेरीत आठ घरी जातात. त्याऐवजी जवळजवळच्या चार शाळांचा गट केला आणि प्रत्येकीने इतर तिघींशी आपल्या आणि त्यांच्या मैदानावर एकेक सामना खेळला, तर गटात बारा सामने होतात आणि प्रत्येक संघाला सहा मिळतात. जिल्हा परिषदेच्या शाळांची केंद्रे आधीच आखलेली आहेत. नवे काही काढायला नको. महिन्यातून दोन शनिवार पुरतात.

दुसरे, बारा वर्षांखाली कुणालाही राखीव बसवू नये. मैदान लहान करा, वेळ कमी करा, पण प्रत्येक मूल पळेल आणि प्रत्येक मूल बसेल असे करा. कोण पुढे जाणार हे दहाव्या वर्षी कुणाला कळते? उशिरा उंची धरणारी कितीतरी मुले आपण पाचवीतच बाद करतो.

तिसरे, शाळा आणि गावातली मंडळे यांचा सांधा. दोन्ही तालुक्यांत मंडळांना तोटा नाही. वर्गणी आहे, कार्यकर्ते आहेत, ध्वनिक्षेपक आहेत. शाळेने संध्याकाळी मैदान उघडे ठेवावे आणि मंडळाने दोन माजी खेळाडू द्यावेत. पूर्वी खेळलेल्या, आता लग्न होऊन गावात आलेल्या सुनांमध्ये उत्तम खो-खोपटू दडलेल्या असतात. त्यांना कुणी विचारत नाही. मुलींच्या सरावाला त्या उभ्या राहिल्या तर आईचा अर्धा प्रश्न सुटेल. उरलेला अर्धा रिक्षाचे भाडे देऊन सुटेल. एका वर्षाच्या डीजेच्या खर्चात वर्षभराचे भाडे निघावे.

चौथे, मैदान कागदावर आणावे. ग्रामसभेत ठराव करून खेळाच्या जागेची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत करून घेता येते का, ते गावागावाने तलाठ्याकडे जाऊन पाहावे. इतिहासाचे काम करताना एक शिकलो : ज्याची नोंद नाही ते आधी विसरले जाते आणि मग बळकावले जाते.

पाचवे, मॅट. वरच्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मातीवर वाढलेला मुलगा तिथे पहिल्यांदाच बूट घालून उतरतो आणि घसरतो. प्रत्येक शाळेला मॅट परवडणार नाही. तालुक्याला एक असावी आणि पुढच्या फेरीला जाणाऱ्या संघाला तिच्यावर आठवडाभर सराव मिळावा.

यातून उद्या विश्वविजेते निघतील असे मी म्हणत नाही. शंभर मुलांत एखादे पुढे जाईल. बाकीच्या नव्व्याण्णवांना काय मिळेल, यावर खरा हिशेब मांडायला हवा. मी त्यांतलाच एक. मला खो-खोने पदक दिले नाही, नोकरी दिली नाही. पण आपली पाळी येईपर्यंत जागेवर दक्ष बसायचे, पाठीवर थाप पडली की क्षण न दवडता उठायचे, आणि दमलो की अडून न राहता दुसऱ्याला पुढे करायचे, एवढे अंगात भिनवले. पुढच्या आयुष्यात ते बरेच उपयोगी पडले.

मागच्या उन्हाळ्यात त्या शाळेत पुन्हा गेलो. आम्ही काही जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून गावच्या सुताराच्या मुलाकडून दोन खांब करून घेतले होते. मुख्याध्यापकांनी रजिस्टर काढले, नवी ओळ लिहिली, 'खो-खोचे खांब, नग २', आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. खांब पुरून झाले. पाटी खणून तयार आहे. आता रोज संध्याकाळी पाच वाजता तिथे कुणीतरी उभे राहायला हवे.